दोन नामांतरे आणि एक डोंगर

शेगावी येणारा भाविक समाधी 'पाहायला' येत नाही, 'दर्शनाला' येतो. क्रियापद बदलले की स्थळाचा अर्थ बदलतो. मॉरिशसच्या प्रवासवर्णनांत निळा समुद्र आणि धबधबे भरपूर असतात. हा भेद मात्र क्वचितच आढळतो.

राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात सोळा दगडी पायऱ्या आहेत. १८३४ पासून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर या बेटावर आले. बहुसंख्य बिहार व दक्षिणेकडचे. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही त्यांत होते. उसाच्या मळ्यांवर जाण्यापूर्वी त्यांची नोंद होई ती जागा म्हणजे 'कुली घाट'. वंशजांनी शिवीसारखा तो शब्द पुसून 'आप्रवासी घाट' हे नाव रूढ केले. २००६ मध्ये ही वास्तू जागतिक वारसा ठरली. ग्राँ बासँ या ज्वालामुखीच्या विवरातील सरोवरात त्यांनी गंगाजल मिसळले आणि त्याला 'गंगा तलाव' म्हटले. परक्या भूमीला आपलेसे करण्याचे साधन त्यांच्यापाशी एकच होते, भाषा.

नैर्ऋत्येचा ल मॉर्न डोंगर मात्र जुनेच नाव वागवतो. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कड्याकपारींत लपत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याचे सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, ते धरायलाच आले असे समजून, काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे लोकपरंपरा सांगते. २००८ मध्ये हा डोंगरही वारसास्थळ झाला.

मजुरांची नावे निदान नोंदवह्यांत उरली. उडी घेणाऱ्यांची तेवढीही उरली नाहीत. दर्शन घ्यायचे ते या रित्या जागेचेही.