सोलापूर-पुणे हायवेवरची कला केंद्रं: संगीत बारी म्हणजे नेमकं काय आणि तिथे जाताना काय माहीत हवं?

रात्री सोलापूरहून पुण्याकडे निघालात की मोहोळ मागे पडल्यावर मोडनिंबच्या आसपास रस्त्याकडेला रंगीत दिव्यांच्या पाट्या दिसू लागतात. नाव काहीही असलं तरी शेवटी दोन शब्द असतातच: 'कला केंद्र'. गाडीतल्या एखाद्या पोराने "इथे काय असतं?" असं विचारलं की मोठी माणसं हमखास विषय बदलतात.

पण या पाट्यांमागे महाराष्ट्राची खूप जुनी 'लाइव्ह म्युझिक' परंपरा आहे. ढोलकी, तबला, पेटी आणि समोर बसून ऐकणारा प्रेक्षक. या परंपरेचं नाव संगीत बारी. ती काय आहे, कशी चालते आणि तिच्याबद्दल एवढी कुजबुज का होते, हे समजून घेऊ.

संगीत बारी आणि तमाशा एकच का?

नाही. ढोलकी फडाचा तमाशा म्हणजे गण, गवळण, बतावणी आणि वग असा पूर्ण खेळ. त्यात सोंगाड्या असतो, नाट्य असतं. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत हे फड गावोगावच्या जत्रांमध्ये तंबू ठोकत फिरतात. त्यांच्या सुपाऱ्या ठरवण्यासाठी गावकरी पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला जातात.

संगीत बारीत वग नसतो. इथे फक्त लावणी, म्हणजे गाणं, नाच आणि अदा. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरमध्ये अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि त्या आपापल्या पाळीने रंगमंचावर येतात. फड फिरतो, बारी मात्र एका थिएटरवर बरेच दिवस मुक्काम करते. म्हणूनच बारी प्रवाशाला जत्रेचा हंगाम नसतानाही बघता येते.

मोडनिंब, दौंड तालुक्यातला चौफुला, अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड ही कला केंद्रांसाठी ओळखली जाणारी ठिकाणं. पुण्यात गणेश पेठेतलं आर्यभूषण थिएटर हे बारीचं जुनं घर. मुंबईत लालबागच्या हनुमान थिएटरमध्ये गिरणी कामगारांची गर्दी व्हायची. गिरण्या संपल्या आणि ते थिएटरही बंद झालं.

सोलापूरचं लावणीशी नातं काय?

बरंच जुनं. पेशवाईतले प्रसिद्ध शाहीर राम जोशी मूळचे सोलापूरचे. कीर्तन-पुराणाची परंपरा असलेल्या ब्राह्मण घरातला हा मुलगा तमाशाच्या नादी लागला म्हणून घरच्यांशी बिनसलं. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेल्या आणि लावणीत शास्त्र व शृंगार दोन्ही आणले. त्यांच्यावर १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' हा सिनेमा आला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर त्यात होते.

पंढरपूरच्या सत्यभामाबाईंनी बैठकीची लावणी गाजवली. अकलूजला १९९०च्या दशकात राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली आणि कला केंद्रांमधल्या अनेक कलावंत पहिल्यांदा मोठ्या, कुटुंबासह आलेल्या प्रेक्षकांसमोर नाचल्या. म्हणजे वारी आणि बारी, दोन्ही याच जिल्ह्यात वाढल्या.

आत नेमकं काय घडतं?

कला केंद्रात साधारण दोन प्रकारचे कार्यक्रम होतात.

पहिला रंगमंचावरचा. तिकीट काढायचं, खुर्चीवर बसायचं. संध्याकाळनंतर एकेक पार्टी येते, प्रेक्षकांना मुजरा करते आणि दोन-चार गाणी सादर करून पुढच्या पार्टीला जागा देते. आता इथे जुन्या लावणीपेक्षा सिनेमातली गाणी जास्त चालतात, कारण फर्माईश त्यांचीच येते.

दुसरा प्रकार म्हणजे बैठक. काही मोजके लोक वेगळे पैसे देऊन एका खोलीत एकाच पार्टीचं गाणं ऐकतात. जुन्या बैठकीत कलावंत बसून गायची. एकच ओळ ती वेगवेगळ्या अदांनी पुन्हा पुन्हा खुलवायची आणि दरवेळी अर्थ बदलायचा. चौका, छक्कड, बालेघाटी असे लावणीचे कितीतरी प्रकार या खोल्यांमध्ये टिकले. बालेघाटीत विरहाची व्यथा असते. लावणी म्हणजे फक्त ठसका, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तरी बालेघाटी ऐकावी.

वाईच्या यमुनाबाई वाईकर याच परंपरेतल्या. त्यांना १९७७ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचं निधन झालं.

पैसा कसा फिरतो?

तिकिटाच्या पैशात थिएटर आणि पार्ट्या यांचा वाटा असतो. प्रमाण ठिकाणानुसार बदलतं. पार्टीची मालकीण बहुतेक वेळा बाई असते. ढोलकीवाला, तबलजी, पेटीवाला, नाचणाऱ्या मुली, सगळ्यांचा हिशोब तीच बघते. खरी कमाई बैठकीतून आणि 'दौलतजादा'तून होते. आवडलेल्या गाण्यासाठी प्रेक्षक जे पैसे देतो ती दौलतजादा.

हे ऐकून नाकं मुरडण्याआधी जरा अमेरिकेकडे बघू. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात लोअर ब्रॉडवे हा रस्ता कंट्री संगीताच्या बारसाठी जगप्रसिद्ध आहे. बहुतेक बारमध्ये दिवसा प्रवेश फुकट असतो. बँडसमोर एक बरणी ठेवलेली असते आणि वादकांची कमाई बऱ्याच अंशी त्या बरणीतल्या टिपवर अवलंबून असते. फर्माईश करायची तर नोट टाकायची. न्यू ऑर्लिन्समध्ये १९६१ पासून प्रिझर्व्हेशन हॉल नावाचं छोटं सभागृह फक्त जॅझसाठी चालतं. जगभरचे पर्यटक तिथे रांग लावतात. आत ना जेवण मिळतं ना दारू. लोक संगीत ऐकायला येतात.

म्हणजे प्रेक्षकाच्या खिशातून थेट कलावंताकडे पैसे जाण्याची पद्धत तिकडेही आहे. फरक एवढाच की त्या शहरांनी या जागा पर्यटनाच्या नकाशावर अभिमानाने मांडल्या. आपण मात्र हायवेवर विषय बदलतो.

मग बदनामी का?

कारण शोषणाचा इतिहास खरा आहे. संगीत बारीतल्या अनेक कलावंत कोल्हाटी समाजातल्या. या समाजात नाचणाऱ्या मुलीने लग्न करायचं नाही आणि तिच्या कमाईवर आई-वडील, भाऊ, भाच्यांचं घर चालायचं अशी रीत होती. पैसेवाल्या माणसाने पैसे मोजून मुलीचा 'चिरा उतरवायचा', ही प्रथाही होती. तिच्या मुलांच्या नावापुढे आईचंच नाव लागायचं.

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातून आलेले डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ च्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात हे सगळं आतून मांडलं. समाजातल्या काहींनी पुस्तकावर आक्षेपही घेतला. पण आईच्या नाचावर वाढलेलं मूल कशातून जातं, हे मराठी वाचकाला तेव्हा पहिल्यांदा इतकं जवळून कळलं.

२०२५ मध्ये काही गुन्हे आणि दुर्दैवी घटनांमुळे कला केंद्रं पुन्हा बातम्यांत आली. परवान्यांची तपासणी झाली, कलेच्या नावाखाली डीजेवर नाच चालतो अशा तक्रारी झाल्या. 'सगळी केंद्रं बंद करा' ही मागणीही झाली. यावर अनेक कलावंतांचं म्हणणं साधं आहे: गैरप्रकार थांबवा, पण ढोलकी बंद करू नका. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं तेव्हा थिएटरं बंद झाली आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्या पार्ट्यांवर काय वेळ येते, ते दिसलं.

कायदा काय सांगतो?

सार्वजनिक करमणुकीच्या जागेला महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ नुसार परवाना लागतो. डान्स बारवर २००५ साली आलेली बंदी ही परमिट रूम, बिअर बार आणि हॉटेलांसाठी होती; नाट्यगृहं तिच्यातून वगळली होती. त्यामुळे कला केंद्र आणि डान्स बार या कायद्यानेही वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही.

ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. २०२४ पासून ती दरमहा ५,००० रुपयांची झाली. पण अर्जासोबत कलेतल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. आयुष्यभर बैठकीत गायलेल्या बाईकडे ना करारपत्र असतं, ना छापील निमंत्रणपत्रिका. अडचण तिथेच येते.

बघायला जायचं असेल तर?

• कुटुंबासोबत सुरुवात करायची असेल तर नाट्यगृहातला कार्यक्रम गाठा. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात लावणीचे प्रयोग होतात. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांचा 'संगीत बारी' हा प्रयोग परंपरा समजावत पुढे नेतो आणि त्यात बारीतल्याच कलावंत सादरीकरण करतात.

• कला केंद्रात जाणार असाल तर आधी चौकशी करा: वादक प्रत्यक्ष वाजवतात का, की गाणी स्पीकरवर लागतात? जिथे ढोलकी वाजते, तिथे जा.

• परवानगीशिवाय मोबाइलवर शूटिंग करू नका. कित्येक कलावंतांची मुलं दूर कुठेतरी शिकत असतात. तुमची पंधरा सेकंदांची रील त्यांच्या वर्गात पोहोचू शकते.

• दाद द्यायची तर टाळ्या वाजवा, शिट्टी वाजवा, पैसे सन्मानाने हातात द्या. अंगावर नोटा उधळणं किंवा अंगाला हात लावणं म्हणजे दाद नव्हे. दारू पिऊन जाऊ नका.

• एखादी जुनी लावणी मागा. 'बैठकीची एखादी ऐकवाल का?' असं विचारून बघा.

या शेवटच्या मुद्द्यावर बरंच काही अवलंबून आहे. बारीत काय टिकणार हे फर्माईशच ठरवते. रोज सिनेमाचीच गाणी मागितली गेली तर नव्या मुली तीच शिकतील, आणि बालेघाटी येणारी शेवटची बाई थकेल तेव्हा ती बालेघाटीही तिच्यासोबत जाईल. प्रेक्षकांतून कोणी जुनी लावणी मागितली, तर ती शिकवायला आणि शिकायला पार्टीकडे एक कारण उरतं.