कार्बोरेटरच्या तळाशी

काकांचे होडीचे इंजिन चौदा वर्षे पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवलेले होते. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे आणि काम झाले की सोडवून घरी आणायचे, अशा या इंजिनाला 'आउटबोर्ड' म्हणतात. हे 'ब्रिटिश सीगल' कंपनीचे, तीनेक अश्वशक्तीचे. काकांनी ते मुंबईत जुन्यात विकत घेतले आणि देवगडच्या खाडीत वापरले. गेल्या वर्षी घर विकायचे ठरले तेव्हा भंगारवाल्याने त्याचा किलोवर भाव सांगितला. मी ते बाजूला काढून ठेवले. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण जुने कागद सोडून दुसरे काही वाचायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

बंदरावरच्या मिस्त्रींनी आधी कार्बोरेटर सोडवला. मुठीत मावेल एवढा पितळी डबा. त्याच्या तळाशी चिकट, तपकिरी-हिरवट थर बसला होता. मिस्त्रींनी त्यावर बोट फिरवून वास घेतला आणि म्हणाले, "पेट्रोल उडान गेला, तेल रवला." मग थोडे थांबून, "काकांनी असा कधी ठेवलेला नाय."

त्या वाक्याकडे मी पुढे येणार आहे. आधी या पितळी डब्याची कुळकथा.

बोटीला बाहेरून अडकवायचे पहिले यंत्र पेट्रोलवर चालणारे नव्हते. 1881 मध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच संशोधकाने पॅरिसमध्ये सीन नदीवर विजेच्या मोटारीने होडी चालवून दाखवली. परंतु बॅटऱ्या जड आणि त्यांतली वीज थोडी, त्यामुळे ती वाट तिथेच थांबली. पेट्रोल हलके आणि ताकदवान होते. त्याची अडचण वेगळी होती. द्रव पेट्रोल सिलिंडरमध्ये नुसते ओतून उपयोग नसतो, ते हवेत नेमक्या प्रमाणात मिसळावे लागते. सुरुवातीच्या गाड्यांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिला वाफ शोषू देत. 1893 मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी फवाऱ्याचे तत्त्व आणले. अरुंद नळीतून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर खेचले जाऊन फवारले जाते. ते छिद्र म्हणजे जेट. खालच्या डब्यात पेट्रोलवर एक फ्लोट तरंगतो. पातळी वाढली की तो सुई वर ढकलून येणारे पेट्रोल बंद करतो, उतरली की उघडतो. काकांच्या इंजिनात हेच होते.

अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी 1907 मध्ये आउटबोर्डचे पेटंट मिळवले. मात्र धंदा उभा राहिला तो मिलवॉकी शहरातल्या ओले एव्हिनरूड यांच्यामुळे. 1877 मध्ये नॉर्वेत जन्मलेले ओले पाच वर्षांचे असताना कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले. तलावाकाठच्या सहलीत बेस नावाच्या तरुणीला आइस्क्रीम हवे झाले, ते आणायला ओले वल्ही मारत गेले, परतेपर्यंत ते वितळले आणि त्यातून मोटारीची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. 1909 मध्ये त्यांनी विक्रीला आणलेले इंजिन दीड अश्वशक्तीचे आणि सुमारे 28 किलो वजनाचे होते. बेस पुढे त्यांची पत्नी झाली. धंद्याचा पत्रव्यवहार आणि जाहिराती तीच सांभाळत असे. इतिहासात आइस्क्रीम राहिले, हिशेबाच्या वह्या मागे पडल्या. वह्या नेहमी मागे पडतात.

सीगलचा जन्म 1930 च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये झाला. तिच्यावर दिखाऊ काहीच नव्हते. उघड्या चाकाला दोरी गुंडाळून ओढायची, की चालू. एक पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडा धीर असला की होडीत बसल्या बसल्या कार्बोरेटर उघडता येई. मला यातली मुख्य गोष्ट हीच वाटते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस उतरून चालू लागतो. ओहोटीच्या ओढीत इंजिन बंद पडले तर उतरायला जागा नसते. आउटबोर्ड कोळ्याच्या, मासेमाराच्या हातात टिकला तो वेगामुळे कमी आणि मालकाला उघडता येत होता म्हणून जास्त.

याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. 1953 मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या कराराने केरळात कोल्लमजवळ नींदकरा परिसरात मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून पुढे डिझेलवर चालणाऱ्या बोटी आल्या, कोळंबीच्या निर्यातीमागे ट्रॉलर आले आणि वल्ह्यांवर जगणारा मासेमार मागे पडला. 1980 च्या दशकात त्याने आपल्या होड्यांना आउटबोर्ड जोडले ते चैनीसाठी नव्हे, पाण्यातली आपली जागा राखण्यासाठी. पेट्रोल परवडत नव्हते म्हणून ही इंजिने रॉकेलवर चालू लागली. रॉकेलची वाफ थंडीत नीट होत नाही. म्हणून इंजिन पेट्रोलवर चालू करायचे, तापले की नळ फिरवून रॉकेलवर न्यायचे आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचे, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरत नाही. हे ज्ञान हजारो हातांनी रोज जगले. पुढे सवलतीच्या रॉकेलचा कोटा आटत गेला, तेव्हा त्याच हातांना दुसऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून राहणे म्हणजे काय तेही कळले.

दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख खोटा होईल. जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलमध्ये एक भाग तेल घालावे लागे. अशा टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा मोठा हिस्सा न जळताच पाण्यात जातो. 1996 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नव्या आउटबोर्डच्या धुरावर मर्यादा घातल्या आणि टू-स्ट्रोक कार्बोरेटरचे दिवस भरले. सीगलचे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. नव्या फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांनी पाणी स्वच्छ ठेवले, हे खरेच आहे. पण ती बिघडली की संगणक लावून दोष शोधणारा माणूस लागतो आणि तो बंदरावर नसतो.

आता मिस्त्रींच्या वाक्याकडे येतो.

खाडीवरून परतताना धक्का जवळ आला की काका टाकीचा कॉक बंद करत आणि इंजिन तसेच चालू ठेवत. डब्यातले उरलेले पेट्रोल संपून ते आपोआप विझे. लहानपणी मला त्या शेवटच्या गचक्यांची गंमत वाटे. विझवायचेच तर एकदम का नाही, असे मी विचारले होते. "पोटात काही ठेवून झोपवू नये त्याला," असे ते म्हणाले होते.

शेवटच्या दिवशी त्यांनी ते केले नाही. घरात सगळ्यांच्या सांगण्यात होते की काका त्या दिवशी नेहमीसारखे खाडीवरून आले, जेवले, आणि संध्याकाळी छातीत दुखू लागले. तळाशी वाळलेले ते तेल वेगळे सांगत होते. दुखणे पाण्यातच सुरू झाले असावे. धक्क्याला लागल्यावर कॉककडे हात गेला नाही. घरी मात्र त्यांनी कुणाला काही कळू दिले नाही. मी आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "जेवताना भात टाकला होता त्यांनी. मीच बोलले नाही कधी."

मिस्त्रींनी सगळे भाग थिनरमध्ये रात्रभर भिजत घातले. जेटमध्ये त्यांनी तार घातली नाही. पितळ मऊ असते, तारेने छिद्र वाढते आणि मग इंजिन जन्मभर जास्त पेट्रोल पिते. ब्रशच्या केसाने आणि फुंकरीनेच ते मोकळे झाले. उजेडाकडे धरले तेव्हा सुईच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसला. गॅस्केट नव्या कागदाचे कापले. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, ते ओल धरते आणि जुने रबर खाते. म्हणून पेट्रोलची नळीही बदलली.

पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन उभे केले. सहाव्या ओढीला ते धरले. निळा धूर, पडवीत ओळखीचा वास आणि पिंपातल्या पाण्यावर तेलाचे इंद्रधनुषी वर्तुळ. ते वर्तुळ पाहून मी ठरवले की हे इंजिन पुन्हा खाडीत उतरवायचे नाही. भंगारातही द्यायचे नाही.

मिस्त्री बंद करायला पुढे झाले. मी त्यांना थांबवले आणि कॉक फिरवला. इंजिन मिनिटभर चालले, दोन गचके दिले आणि विझले.