एनपीएम

एनपीएम : जावास्क्रिप्टमधील कोड ‘पॅकेज’ म्हणून बांधून इतरांना देण्याचे आणि इतरांचा आपल्या प्रकल्पात आणण्याचे साधन. आयझॅक श्लुएटर यांनी लिहिलेल्या या साधनाची पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली. जावास्क्रिप्ट चालवणारे नोड.जेएस बसवले की ते सोबतच येते. पॅकेजे जिथे ठेवतात ती ‘रजिस्ट्री’ही याच नावाने ओळखली जाते, २०२० पासून ती गिटहबकडे आहे.

प्रत्येक पॅकेजसोबत पॅकेज.जेसन ही फाइल असते. तीत नाव, आवृत्ती आणि लागणाऱ्या इतर पॅकेजांची यादी. आवृत्तीचे आकडे तीन : १.४.२ मधला २ दुरुस्तीचा, ४ नव्या सोयीचा; १ चा २ झाला तर जुना कोड मोडू शकतो, असा इशारा. यादीत ^१.४.२ लिहिले, तर त्यापासून पुढची, पण २.०.० च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती चालते. हा सगळा विश्वासाचा मामला आहे, कारण आकडा लेखक ठरवतो आणि तो खरा की खोटा हे कोणी तपासत नाही. म्हणून २०१७ पासून प्रत्यक्ष आलेल्या नेमक्या आवृत्त्या पॅकेज-लॉक.जेसन या फाइलीत आपोआप नोंदल्या जातात. (नवखे ती कचरा समजून पुसतात.)

मागवलेल्या पॅकेजला स्वतःची पॅकेजे लागतात, त्यांना आणखी. ही साखळी किती नाजूक, ते २२ मार्च २०१६ रोजी दिसले. ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचे पॅकेज. काम एवढेच, की ७ च्या डावीकडे शून्ये भरून ००७ करावे. ‘किक’ या वेगळ्याच पॅकेजच्या नावावरून लेफ्ट-पॅडच्या लेखकाचा एका कंपनीशी वाद झाला. एनपीएम चालवणाऱ्यांनी कौल कंपनीला दिला, तेव्हा चिडून त्याने आपली सारी पॅकेजे काढून घेतली. बाबेलसारख्या मोठ्या साधनाच्या साखळीत लेफ्ट-पॅड होते. जगभर प्रकल्पांची बांधणी (बिल्ड) अडू लागली. कोणीतरी तसाच कोड १.०.० आकड्याने लगोलग टाकला, पण साखळीतून मागणी नेमकी ०.०.३ ची होती, त्यामुळे भागेना. अखेर एनपीएमने ०.०.३ स्वतःच परत ठेवले. त्यानंतर पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले.

२०१८ मध्ये उलटे घडले. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजची देखभाल नव्या माणसाकडे गेली आणि त्याने बिटकॉइन चोरणारे एक पॅकेज इव्हेंट-स्ट्रीमच्या यादीत घातले. आवृत्ती ३.३.५ ची ३.३.६ झाली, म्हणजे दिसायला नुसती दुरुस्ती. अनेक प्रकल्पांत ती आपोआप येऊन बसली.