गांधिकाची विद्या आणि मराठी टीका

गंगाधरकृत ‘गंधसार’ व अज्ञातकर्तृक ‘गंधवाद’ हे सुगंधशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ सालीं अभ्यासकांपुढें मांडिले. गंधवादावर मराठी टीका असून तिचा काळ त्यांनीं अदमासें इ. स. १३५० ते १५५० धरिला.

गंधसारांत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन हीं सहा कर्में आहेत. पैकीं भावना देणें वैद्यांच्याही नित्य परिचयाचें. या विद्येनें देवपूजा घडते, मनुष्यास पुष्टि येते व स्वतःचें दारिद्र्य फिटतें, असें गंगाधर सांगतो. अर्थात् गांधिक व वैद्य यांची विद्या पुष्कळ अंशीं एकमेकींस लागून होती.

संस्कृत न जाणणाऱ्या शिकाऊ गांधिकासाठीं ही टीका झाली असावी, असें आम्हांस वाटतें. म्हणून दप्तरांतील तोळ्या-माशांचीं सुटीं पानें किरकोळ समजून टाकूं नयेत, ही संग्राहकांस विनंती.