मेंदू आक्रसवणारी बाटली

डोक्याला मार लागलेला पेशंट धाराशिवहून तुळजापूरमार्गे सोलापूरला नेतात, तेव्हा हाताला लावलेली बाटली कधी मॅनिटॉलची असते. मला तिचा इतिहास भारी वाटतो. १९१९ मध्ये अमेरिकेत वीड आणि मॅककिबेन यांनी मांजरांच्या शिरेत मिठाचं तीव्र द्रावण सोडलं, तर मेंदू चक्क आक्रसला! पुढे जाविद यांनी युरिया वापरला, आणि १९६२ च्या सुमारास वाइज-चेटर यांनी मॅनिटॉल आणलं.

सर्जनला जागा मिळाली, भूलतज्ज्ञाला मात्र नवा घोर. औषध पेशींतलं पाणी रक्तात ओढतं. सोडियम घसरतं, पाण्यामागोमाग पोटॅशियम बाहेर येऊन क्वचित एकदम चढतं. मग ईसीजीची टी-लहर टोकदार होते, हृदय थांबूही शकतं. म्हणून कवटी उघडी असतानाच रक्त तपासायला धाडतात.