दस्मानची वेस आणि 'कुवेतकर' बंधू

कुवेत शहराच्या पूर्व टोकास, समुद्राला भिडून, दस्मान नावाची वस्ती आहे. इस्रायली पारपत्रावर तेथे पाऊल ठेवता येत नाही. म्हणून वाचकांना ही फेरी नकाशाच्या आणि इतिहासाच्या आधारेच घडवावी लागत आहे. ती घडविण्यास कारणही तसेच आहे. हे गाव एके काळी मुंबईच्या व्यापारावर जगत होते, आणि त्याच्या गल्ल्यांत जन्मलेले दोन यहुदी बंधू पुढे आपल्याच देशात स्थायिक झाले.

प्रथम वेशीपाशी थांबू. सन १९२० च्या मे महिन्यात हमद येथे नज्दच्या इख्वान टोळ्यांनी कुवेतच्या लोकांचा पराभव केला. शहरावर चाल होणार हे उघड दिसू लागताच गावकऱ्यांनी त्याच उन्हाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, मातीचा तट उभारला. समुद्रापासून समुद्रापर्यंत अर्धवर्तुळाकार गेलेल्या या तटाची लांबी सुमारे सहा किलोमीटर होती. त्याच्या पाच वेशींपैकी पूर्वेकडील वेस ती दस्मानची; तिलाच बनैद अल-गारची वेसही म्हणतात.

वेशीतून आत शिरले की शेखांचा दस्मान राजवाडा लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वाड्यात १९२१ ते १९५० या काळात राज्य करणारे शेख अहमद अल-जाबेर राहत असत. त्यांचे पुत्र शेख फहद हे २ ऑगस्ट १९९० रोजी, इराकी आक्रमणाच्या पहिल्याच दिवशी, येथेच मारले गेले. वाड्यापलीकडे पश्चिमेस शर्क मोहल्ल्याच्या अरुंद गल्ल्या पसरल्या होत्या. समुद्रातील दगड आणि माती यांच्या भिंती, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या वाशांचे छत आणि मध्ये मोकळे अंगण, अशी तेथील घरांची रचना असे. कोकणातील जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्या अंगणाची कल्पना निराळी करून देण्याची गरज नाही.

या गावाचा सारा संसार समुद्रावर चाले. कुवेतची मोठी गलबते बसऱ्याकडील खजूर भरून मुंबईस व मलबारास जात आणि परतताना सागवान, काथ्याचे दोर, तांदूळ व मसाले घेऊन येत. आखातातील मोती विक्रीस मुंबईच्याच बाजारात येत. तेथील चलनही आपला रुपयाच होता. तो जाऊन कुवेती दिनार आला तो १९६१ साली. 'अचार' आणि 'जुती' हे शब्द कुवेतच्या बोलीत आजही सापडतात, ते याच व्यवहाराची खूण म्हणून.

हे जुने गाव गेले ते शत्रूच्या हल्ल्याने नव्हे, तर संपत्तीने. सन १९३८ मध्ये बुरगान येथे तेल लागले व १९४६ पासून ते परदेशी जाऊ लागले. १९५१ साली लंडनच्या नगररचनाकारांकडून नव्या शहराचा आराखडा तयार झाला. सरकारने जुनी घरे मोठ्या किमती देऊन विकत घेतली आणि रहिवासी तटाबाहेरच्या नव्या वसाहतींत गेले. १९५७ साली तटही पाडण्यात आला. वेशी तेवढ्या ठेवल्या. आज त्या रहदारीच्या रस्त्यांलगत एकट्या उभ्या आहेत. दस्मानच्या किनाऱ्यावर १९७९ पासून कुवेतचे प्रसिद्ध मनोरे दिसतात.

तट राहिला म्हणजे स्मृती राहते असा आपला समज असतो. तो किती अपुरा आहे हे इंग्लंडमधील यॉर्क शहर पाहिले असता कळते. यॉर्कचा मध्ययुगीन तट व त्याच्या वेशी आजही सुस्थितीत असून प्रवासी त्यावरून हिंडतात. पण त्याच शहरात ११९० च्या मार्च महिन्यात, किल्ल्याच्या लाकडी बुरुजात आश्रय घेतलेले सुमारे दीडशे यहुदी जमावाच्या वेढ्यात प्राणास मुकले, आणि १२९० साली तर साऱ्या इंग्लंडमधून आपल्या लोकांना हाकलून देण्यात आले. त्या टेकडीपाशी मृतांचा उल्लेख करणारी शिला बसविली गेली ती १९७८ साली. दगड टिकले, माणसांचे नाव कोरण्यास मात्र जवळजवळ आठशे वर्षे लागली.

कुवेतमध्ये याच्या उलट घडले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे इराककडून आलेल्या यहुद्यांची लहानशी वस्ती होती, त्यांचा स्वतंत्र बाजारही होता. पुढे ती वस्ती उरली नाही आणि गल्ल्याही उरल्या नाहीत. मात्र एज्रा नावाच्या व्यापाऱ्याचे दोन मुलगे, १९०८ साली जन्मलेला सालेह व १९१० साली जन्मलेला दाऊद, यांनी गावाचे नाव आपल्याबरोबर नेले. त्यांचे चुलते व्यापारासाठी हिंदुस्थानात गेले असता परतताना एक व्हायोलिन आणि एक ऊद घेऊन आले. सालेहने व्हायोलिन घेतले, दाऊदने ऊद. बसरा व बगदाद येथे जाऊन या बंधूंनी इराकी संगीतात मोठे नाव कमावले. १९३६ साली बगदाद नभोवाणी सुरू झाली तेव्हा तिचा वाद्यवृंद सालेहने उभा केला. १९५१ च्या सुमारास दोघे आलिया करून इस्रायलमध्ये आले. येथे उपजीविकेसाठी त्यांनी दुकान चालविले आणि 'कोल इस्रायल'च्या अरबी विभागात वादन केले. तिकडे इराकमध्ये त्यांच्या चाली वाजत राहिल्या, पण चालीखालचे नाव गाळण्यात आले. दाऊद १९७६ साली व सालेह १९८६ साली निवर्तले. दाऊदचा नातू दुदू तासा याने त्यांची गाणी पुन्हा लोकांपुढे आणली, आणि तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत त्यांच्या नावाचा रस्ताही झाला.

ते स्वतःस 'अल-कुवेती' म्हणवीत. आपल्या भाषेत सांगायचे तर 'कुवेतकर'. दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर, पेणकर ही आपली आडनावे याच जातीची होत. दिवे सोडून गेलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. तिच्यावरून रेल्वेच्या स्थानकास मस्जिद हे नाव मिळाले. तिचे बेने इस्रायल मूळ मात्र तेथे रोज उतरणाऱ्या उतारूंपैकी किती जणांस ठाऊक असेल? किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, तो चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे छापला गेला. त्यांनी तो लिहून ठेवला होता म्हणूनच हे शक्य झाले.

इस्रायलमध्ये आल्यावर आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी गावाचे आडनाव सोडले. त्यास आमचा आक्षेप नाही. नव्या देशात प्रत्येकाने आपल्या सोयीने नाव लावावे. परंतु ते गाव कोणते, घर कोणत्या आळीत होते, शेजारी कोण होते आणि तेलाची घाणी कोठे चाले, एवढे घरातील वडीलधाऱ्यांकडून विचारून कागदावर उतरवून ठेवणे आवश्यक आहे. मातीचा तट पाडावयास फार दिवस लागत नाहीत, आणि सांगणारी पिढीही आपल्यासाठी थांबून राहत नाही. असे टिपण ज्या घरी असेल त्यांनी त्याची एक प्रत नातवंडांच्या हाती अवश्य द्यावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.