सीआरटी प्रोजेक्टर : रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटची निवड

लाल, हिरवे व निळे अशी तीन चित्रे तीन स्वतंत्र पिक्चर ट्यूबांवर उमटवून ती भिंगांवाटे पडद्यावर एकमेकांवर तंतोतंत बसवणाऱ्या यंत्रास सीआरटी प्रोजेक्टर म्हणतात. बार्को, सोनी, इलेक्ट्रोहोम, एनईसी आदी कंपन्यांची ही यंत्रे सभागृहांत, सिम्युलेटरांत आणि पुढे हौशी मंडळींच्या घरगुती चित्रपटगृहांत वापरली जात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डिजिटल प्रोजेक्टरांनी त्यांची जागा घेतली. डिजिटल प्रोजेक्टरच्या पटलावर पिक्सेल मोजून बसवलेले असतात, म्हणून त्याचे रिझोल्यूशन कारखान्यातच ठरते. सीआरटीत इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवरच्या फॉस्फरवर रेषा ओढत जातो. किती रेषा ओढायच्या आणि सेकंदाला किती वेळा, हे झेपेल त्या मर्यादेत वापरणाऱ्याने ठरवायचे असते. माहितीपत्रकातला सर्वांत मोठा आकडा निवडणे ही नेहमीची चूक होय. तेवढा सिग्नल यंत्र स्वीकारते, एवढाच त्या आकड्याचा अर्थ; तेवढा तपशील पडद्यावर दिसेलच असे नाही.

रेषांची संख्या : निवडीत सर्वांत महत्त्वाचे हेच. झोत काचेवर जिथे आदळतो तिथल्या ठिपक्याला जाडी असते. रेषा कमी असतील तर दोन रेषांमध्ये काळी फट उरते व जवळून चित्र पट्ट्यापट्ट्यांचे दिसते. रेषा फार असतील तर त्या एकमेकींवर चढतात, शेजारच्या रेषेतला उजेड काळ्या भागात सांडतो आणि चित्र मऊ, फिकट होते. रेषा एकमेकींना जेमतेम टेकतील ती संख्या उत्तम. समजा, ट्यूबवरच्या चित्राची उंची ७० मिमी आहे. ७२० रेषा घेतल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ०.०९७ मिमी येतात, १०८० घेतल्या तर ०.०६५ मिमी. ठिपका ०.१ मिमीचा असेल तर ७२० रेषा नेमक्या बसतात आणि १०८० रेषांचा लगदा होतो.

म्हणूनच ट्यूबचा आकार आधी विचारावा. या यंत्रांत प्रामुख्याने ७, ८ आणि ९ इंची ट्यूब असत. ढोबळमानाने ७ इंची यंत्राला ४८० ते ७२० रेषा शोभतात, ८ इंचीला ७२० ते ९६०, आणि १०८० रेषा खऱ्या अर्थाने दाखवायच्या तर चांगल्या स्थितीतली ९ इंची ट्यूब लागते. विद्युतचुंबकीय फोकस असलेल्या यंत्रात ठिपका अधिक बारीक राहतो, स्थिरविद्युत फोकसच्या यंत्रात जाड. झोताचा प्रवाह वाढला की ठिपका फुगतो. त्यामुळे ब्राइटनेस चढवून ठेवणाऱ्याने रेषा कमीच घ्याव्यात. शिवाय ट्यूबची काच ४:३ प्रमाणाची असते. तिच्यावर १६:९ चे चित्र काढले की पाऊण उंचीच वापरात येते आणि तितक्याच रेषा अधिक दाटीने बसतात. रुंद पडद्याच्या हौसेत हा हिशेब हमखास विसरला जातो.

पारख डोळ्यांनीच करावी. लाल व निळ्या ट्यूब झाकून फक्त हिरवे चित्र पाहावे, कारण तीक्ष्णतेची जाणीव मुख्यतः हिरव्यावर अवलंबून असते. निळ्या ट्यूबवर विसंबू नये. निळा फॉस्फर लवकर संपृक्त होतो, म्हणून तिचा फोकस पुष्कळदा मुद्दाम किंचित ढिला ठेवतात. मध्यम राखाडी पडद्याजवळ उभे राहून रेषा जेमतेम ओळखू याव्यात आणि बसायच्या जागेवरून दिसू नयेत, अशी संख्या पक्की करावी.

रिफ्रेश रेट : चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० हर्ट्झवर तो दाखवताना एक चौकट तीनदा व पुढची दोनदा दाखवावी लागते. म्हणजे एक चौकट ५० मिलिसेकंद टिकते, दुसरी ३३. कॅमेरा संथपणे बाजूला सरकतो तेव्हा ही लंगडी चाल खटकते. ७२ हर्ट्झवर प्रत्येक चौकट बरोबर तीनदा येते. ४८ वर दोनदा येते, पण लुकलुक जाणवते. उजेड जितका कमी तितकी लुकलुक कमी भासते, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर काहींना ४८ चालून जाते. बर्फाचे किंवा आकाशाचे दृश्य आले की मात्र डोळे तक्रार करतात. भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण पाल पद्धतीचे, म्हणजे ६२५ रेषा व सेकंदाला २५ चौकटींचे असे. पाल डीव्हीडीवरचा चित्रपटही २५ चौकटींनी धावतो. त्याला ५० किंवा ७५ हर्ट्झ जुळतात, आणि त्यांत ७५च घ्यावा.

दोहोंचा गुणाकार : एकूण रेषांना, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्याही धरून, रिफ्रेश रेटने गुणले की आडवी वारंवारता मिळते. ७२० रेषांच्या प्रमाणित सिग्नलात एकूण ७५० रेषा असतात, १०८० च्यात ११२५. त्यामुळे ६० हर्ट्झला अनुक्रमे ४५ व ६७.५ किलोहर्ट्झ होतात. गंमत अशी की ७२० रेषा ७२ हर्ट्झला आणि १०८० रेषा ४८ हर्ट्झला नेमके ५४ किलोहर्ट्झच मागतात. आडव्या वारंवारतेचा भार सारखाच, पण ७ किंवा ८ इंची यंत्रावर पहिला पर्याय निर्विवाद सरस. ९ इंची यंत्र असेल तर ८१ किलोहर्ट्झ झेपतात का ते पाहून १०८० रेषा ७२ हर्ट्झला चालवाव्यात.

वारंवारता मर्यादेत असूनही चित्राची डावी कड दुमडलेली दिसली तर दोष परतीच्या वेळेचा असतो. रेष संपल्यावर झोताला पुन्हा डावीकडे यायला काही मायक्रोसेकंद लागतात. ७२० रेषांच्या ६० हर्ट्झ सिग्नलात त्यासाठी सुमारे ५ मायक्रोसेकंद मिळतात, १०८० च्या सलग, म्हणजे एकाच फेरीत सगळ्या रेषा ओढणाऱ्या, सिग्नलात केवळ १.९. अनेक यंत्रांना इतक्यात परतणे जमत नाही. संगणकावरून चित्र देणारे हौशी लोक पॉवरस्ट्रिपसारख्या प्रोग्रामने ही परतीची वेळ वाढवून घेत.

आडव्या पिक्सेलांचा विचार शेवटी केला तरी चालतो. १०८० रेषांच्या ६० हर्ट्झ सिग्नलाचा पिक्सेल क्लॉक, म्हणजे पिक्सेल पाठवण्याचा वेग, १४८.५ मेगाहर्ट्झ, ७२ हर्ट्झला १७८.२. प्रोजेक्टरचा व्हिडिओ अॅम्प्लिफायर तोकडा पडला तर उभ्या कडा मऊ होतात. अशा वेळी प्रत्येक रेषेत १९२० ऐवजी १४४० पिक्सेल घेऊन क्लॉक उतरवता येतो, आणि रेषांना धक्का लागत नाही.

एकांतरित १०८० चा सिग्नल, म्हणजे प्रत्येक फेरीत ५४० रेषा, ३३.७५ किलोहर्ट्झवरच भागतो. जुन्या ७ इंची यंत्रांवर तो सहज चालतो, पण ठिपका जाड असल्याने दोन फेऱ्यांतल्या रेषा तिथे एकमेकींत मिसळून जातात.

प्रत्येक नव्या सिग्नलासाठी कन्व्हर्जन्स (तिन्ही चित्रांची एकमेकांवरची बैठक) व भूमिती पुन्हा जुळवून यंत्राच्या स्मृतीत साठवावी लागते, आणि तीही यंत्र अर्धा तास तापल्यानंतर. त्यामुळे चित्रपटासाठी एक व टीव्हीसाठी एक असे दोनच सिग्नल ठेवणे सोयीचे. दोन्हींतले चित्र काचेवर सारख्याच आकाराचे ठेवावे. नाहीतर जास्त वापरलेला भाग आधी झिजतो आणि मोठे चित्र लावले की जुन्याची चौकट त्यात उमटलेली दिसते.